आज्ञावलींचे दुर्बोधीकरण: एका व्याख्येच्या प्रवासाची चिकित्सा

सारांश

आज्ञावली कोणालाही चालवता यावी, परंतु तिच्या अंतरंगाचा थांग कोणालाही लागू नये, या अपेक्षेला सैद्धान्तिक कूटशास्त्रात 'प्रोग्राम ऑब्फस्केशन' म्हणजेच आज्ञावलींचे दुर्बोधीकरण असे म्हणतात. ही अपेक्षा तिच्या पूर्ण अर्थाने सर्व आज्ञावलींच्या बाबतीत पुरी होऊ शकत नाही, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. त्याच शोधनिबंधात सुचवलेल्या एका दुबळ्या व्याख्येने २०१३ नंतर या विषयाचे स्वरूप पालटले आणि २०२० मध्ये ती व्याख्या पुरी करणारी, बऱ्याच अंशी परिचित गृहीतकांवर उभी असलेली रचना पुढे आली. प्रस्तुत लेखात या प्रवासाची चिकित्सा केली आहे. व्याख्या बदलताना मूळ अपेक्षेतील काय मागे राहिले, 'शक्य' आणि 'सुरक्षित' या शब्दांना कोणता अर्थ उरला, आणि आज्ञावली बाळगणाऱ्यालाच प्रतिपक्षी मानणाऱ्या या सिद्धान्तात वापरकर्त्याचे स्थान कोणते, या तीन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा: कूटशास्त्र, दुर्बोधीकरण, आभासी काळी पेटी, अविभेद्यता, गृहीतक, प्रतिपक्षी.

१. प्रस्तावना

कूटशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांची सुरुवात बहुधा दोन व्यक्तींमधील गुप्त संदेशाने होते. पाठवणारा आणि स्वीकारणारा यांचा परस्परांवर विश्वास असतो; भीती असते ती वाटेत कान लावून बसलेल्या तिसऱ्याची. दुर्बोधीकरणाच्या प्रश्नात ही मांडणी मुळातूनच बदलते. येथे संदेशाच्या जागी आज्ञावली असते आणि ती ज्याच्या हाती द्यायची, त्याच्यापासूनच तिचे अंतरंग राखायचे असते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ नयेत, असे व्यवहार सांगतो. दुर्बोधीकरणाला मात्र किल्ल्या देऊनही जामदारखाना राखायचा आहे.

संगणक उद्योगात असे प्रयत्न फार पूर्वीपासून होत आले आहेत. चलांची अर्थपूर्ण नावे काढून निरर्थक अक्षरे घालणे, कधीही न वापरल्या जाणाऱ्या सूचना मध्येच पेरणे, साध्या क्रमाची जागोजागी मोडतोड करणे इत्यादी युक्त्यांचे पद्धतशीर वर्गीकरण क्रिश्चन कोलबर्ग, क्लार्क थॉम्बर्सन आणि डग्लस लो यांनी १९९७ मध्ये ऑकलंड विद्यापीठातून प्रसिद्ध केले. या युक्त्यांमुळे वाचणाऱ्याचा वेळ जातो हे खरे. तो किमान किती जाईल, याची हमी मात्र कोणतीही युक्ती देत नाही. एईएस या प्रमाणित कूटलेखन पद्धतीची किल्ली आज्ञावलीच्या पोटात दडवणारी एक रचना २००२ मध्ये मांडली गेली आणि २००४ मध्ये ती भेदली गेली. २०१७ मध्ये अशाच रचनांची जाहीर स्पर्धा झाली. तीत दाखल झालेली एकही रचना टिकली नाही.

या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर सैद्धान्तिक कूटशास्त्राने वेगळा मार्ग धरला. 'लपवले' असे म्हणण्यापूर्वी लपवणे म्हणजे नेमके काय, कोणापासून आणि किती, हे ठरवण्याचा तो मार्ग होय. दुर्बोधीकरणाच्या सिद्धान्ताचे मोठेपण त्यातील रचनांपेक्षा व्याख्येच्या या शिस्तीत अधिक आहे. मात्र हीच शिस्त त्या सिद्धान्ताच्या वतीने केल्या जाणाऱ्या दाव्यांना लावून पाहिली असता काही प्रश्न शिल्लक राहतात, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

२. काळ्या पेटीची अपेक्षा

दुर्बोधीकरणाची कल्पना आधुनिक कूटशास्त्राइतकीच जुनी आहे. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात सार्वजनिक किल्लीची संकल्पना मांडताना एका 'एकमार्गी' कंपायलरची कल्पना केली होती. सहज समजणारी आज्ञावली घेऊन तिचे अनाकलनीय यंत्रभाषेत रूपांतर करणारे असे साधन मिळाले, तर गुप्त किल्ली पोटात घेऊन संदेश कूटबद्ध करणारी आज्ञावली जगजाहीर करता येईल आणि तीच सार्वजनिक किल्ली ठरेल, असा तो विचार होता. पुढे १९७७ मध्ये आरएसए पद्धती अंकशास्त्राच्या वाटेने आली आणि ही दुसरी वाट दीर्घकाळ तशीच पडून राहिली.

या कल्पनेला काटेकोर रूप मिळाले ते २००० च्या सुमारास. सातोशी हाडा यांच्या २००० मधील निबंधानंतर २००१ मध्ये बोआझ बराक, ओडेड गोल्डराइख, रसेल इम्पाग्लियाझ्झो, स्टीव्हन रुडिक, अमित सहाय, सलील वधान आणि के यांग या सात संशोधकांनी दुर्बोधीकरणाची सविस्तर व्याख्या दिली. तिला 'आभासी काळी पेटी' असे नाव आहे. काळ्या पेटीत इनपुट टाकता येते, उत्तर घेता येते. पेटी उघडता मात्र येत नाही. दुर्बोध केलेली आज्ञावली समोर उघडी पडलेली असूनही तिच्यातून जे काही वाजवी वेळात काढता येईल, ते सारे नुसती काळी पेटी बाळगणाऱ्यालाही काढता आले पाहिजे, अशी ही अट आहे.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. पद्धत गुप्त ठेवण्यावर सुरक्षितता अवलंबून असू नये, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. मग आज्ञावली लपवणे हे त्या तत्त्वाच्या विरोधात जात नाही काय? वस्तुतः तसे नाही. येथे दुर्बोध करण्याची पद्धत जाहीर असते आणि दुर्बोध केलेली आज्ञावलीही प्रतिपक्ष्याच्या हाती असते. गुप्त असते ती केवळ मूळ आज्ञावली आणि रूपांतरात वापरलेली यादृच्छिक निवड. केर्कहोफ्स यांचे तत्त्व येथे मोडत नाही. उलट ते त्याच्या टोकापर्यंत नेले जाते. उद्योगातील युक्त्या आणि हा सिद्धान्त यांतील पहिली रेषा येथेच आखली जाते.

३. अशक्यतेची सिद्धता आणि तिचा नेमका आवाका

सात संशोधकांच्या याच निबंधात ही अपेक्षा सर्व आज्ञावलींसाठी पुरी करणारी कोणतीही पद्धत असू शकत नाही, हे सिद्ध केले गेले. सिद्धतेचा गाभा आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. दोन आज्ञावलींचा विचार करावा. पहिलीच्या पोटात 'अ' आणि 'ब' या दोन यादृच्छिक संख्या आहेत. तिला 'अ' ही संख्या दिली तर ती 'ब' हे उत्तर देते. अन्य काहीही दिले तर शून्य. दुसरीच्या पोटातही त्याच दोन संख्या आहेत, परंतु तिला इनपुट म्हणून एक आज्ञावली द्यायची असते. ती त्या आज्ञावलीला 'अ' देऊन ठरावीक वेळ चालवून पाहते आणि 'ब' मिळाले तर एक, अन्यथा शून्य हे उत्तर देते.

आता या दोन्ही आज्ञावली दुर्बोध रूपात ज्याच्या हाती आहेत, त्याने पहिली आज्ञावली दुसरीला इनपुट म्हणून द्यावी. उत्तर एक येईल. पहिली कितीही विस्कटून लिहिलेली असली तरी तिचे काम बदललेले नाही, त्यामुळे हे उत्तरही बदलणार नाही. याउलट, ज्याच्याजवळ केवळ दोन काळ्या पेट्या आहेत, त्याच्यापाशी दुसरीला देण्यासाठी आज्ञावलीच नाही. 'अ' ही संख्या १२८ बिटांची असेल तर तिच्या शक्यतांची संख्या ३९ अंकी आहे. ती अंदाजाने सापडणार नाही. त्याच्या दृष्टीने पहिली पेटी आणि नेहमी शून्यच देणारी पेटी यांत काहीही फरक नाही. म्हणजेच आज्ञावली बाळगणाऱ्याला अशी एक गोष्ट कळते, जी पेटी बाळगणाऱ्याला कधीच कळत नाही. दोन्ही आज्ञावली एकाच आज्ञावलीत गुंफल्या की विरोधी उदाहरण पूर्ण होते. ठरावीक लांबीचेच इनपुट घेणाऱ्या सर्किटांसाठी अधिक खटाटोप करावा लागतो, परंतु कल्पना तीच राहते.

या युक्तिवादाचे नाते संगणनशास्त्राच्या पायाभूत सिद्धतांशी आहे. आज्ञावली ही एकाच वेळी कृती असते आणि मजकूरही असते. म्हणून तिला दुसऱ्या आज्ञावलीचे खाद्य बनवता येते. ॲलन ट्युरिंग यांचा १९३६ चा निबंध आणि हेन्री राइस यांचे १९५३ चे प्रमेय याच दुहेरीपणावर उभे आहेत. काळ्या पेटीजवळ फक्त कृती असते, मजकूर नसतो. आणि या दोहोंतील अंतर कोणत्याही लपवाछपवीने मिटत नाही.

तथापि या प्रमेयाचा आवाका काळजीपूर्वक सांगणे आवश्यक आहे. 'दुर्बोधीकरण अशक्य आहे' असे त्याचे सुटसुटीत रूप वर्गात सांगितले जाण्याचा संभव असतो. ते चुकीचे आहे. प्रमेय इतकेच सांगते की प्रत्येक आज्ञावलीला लागू पडणारी एकच पद्धत असू शकत नाही. काही विशिष्ट आज्ञावली उत्तम रीतीने दुर्बोध करता येतात. परवलीचा शब्द तपासणारी आज्ञावली हे त्याचे घरगुती उदाहरण होय. युनिक्स प्रणालीत १९७० च्या दशकापासून मूळ शब्दाऐवजी त्याचे एकमार्गी रूप साठवले जाते. ही एका बिंदूपाशीच 'होय' म्हणणाऱ्या फलनाच्या दुर्बोधीकरणाचीच कल्पना आहे. रान कानेत्ती यांचा १९९७ चा निबंध, बेन लिन, पुढे आयआयटी मुंबईत अध्यापन करणारे मनोज प्रभाकरन आणि अमित सहाय यांचा २००४ चा निबंध, तसेच २०१७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी या वर्गाचा केलेला मोठा विस्तार, हे सारे या मर्यादित परंतु भरीव प्रदेशातील काम आहे.

४. दुबळ्या व्याख्येचे सामर्थ्य

अशक्यता सिद्ध करणाऱ्या निबंधातच पर्यायी व्याख्या सुचवलेली होती. समान लांबीच्या आणि प्रत्येक इनपुटवर तंतोतंत सारखेच उत्तर देणाऱ्या दोन आज्ञावली घ्याव्यात. त्यांपैकी एक दुर्बोध करून दिली असता ती मुळात कोणती होती, हे प्रतिपक्ष्याला वाजवी वेळात ओळखता येऊ नये. या संकल्पनेला येथे 'अविभेद्य दुर्बोधीकरण' असे म्हटले आहे.

ही व्याख्या प्रथमदर्शनी निरुपयोगी वाटते. ती काय लपते हे सांगतच नाही. दोन समकार्यी रूपांमधील फरक लपतो, एवढेच सांगते. दुबळेपणाचा पुरावा असा की पी आणि एनपी हे वर्ग समान निघाले, म्हणजे कूटशास्त्राचा आधारच नाहीसा झाला, तरीही ही व्याख्या पुरी करता येते. त्या जगात प्रत्येक आज्ञावलीऐवजी तेच काम करणारे, ठरावीक क्रमाने पहिले येणारे सर्वांत लहान सर्किट शोधून देता येईल. दोन्ही मूळ आज्ञावलींचे एकच रूप हाती येईल आणि भेद आपोआप संपेल. गुपित मात्र कशाचेच राहणार नाही.

शफी गोल्डवासर आणि गाय रोथब्लम यांनी २००७ मध्ये या व्याख्येच्या बाजूने एक महत्त्वाचा युक्तिवाद केला. कार्यक्षम अविभेद्य दुर्बोधीकरण उपलब्ध असेल, तर त्यातून जे उघड होते ते, तेच काम करणाऱ्या त्याच आकाराच्या अन्य कोणत्याही आज्ञावलीतूनही उघड होतेच. या अर्थाने ते 'शक्य तितके उत्तम' दुर्बोधीकरण ठरते. हा युक्तिवाद निर्दोष आहे. परंतु 'शक्य तितके उत्तम' आणि 'पुरेसे' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. एखाद्या आस्थापनेची हिशेबाची रीत तिच्या प्रत्येक संभाव्य आज्ञावलीतून उघड होत असेल, तर ती या उत्तम रूपातूनही उघड होईल, आणि व्याख्येचा त्यात भंग झालेला नसेल.

असे असूनही या दुबळ्या व्याख्येतून विलक्षण सामर्थ्य निर्माण झाले, हे या विषयाचे सर्वांत रोचक प्रकरण आहे. अमित सहाय आणि ब्रेंट वॉटर्स यांनी २०१३ मध्ये, म्हणजे डिफी आणि हेलमन यांच्यानंतर ३७ वर्षांनी, त्यांची पडून राहिलेली वाट पुन्हा खुली केली. त्यांची युक्ती पुढीलप्रमाणे सांगता येईल. समजा, संदेश पाठवणारी आज्ञावली १२८ बिटांचे यादृच्छिक बीज घेते, ते फुगवून २५६ बिटांची खूण तयार करते, पोटातील गुप्त किल्लीच्या साहाय्याने त्या खुणेपासून एक मुखवटा काढते आणि तो संदेशावर चढवते. ही आज्ञावली दुर्बोध करून जाहीर करायची आहे. आता दुसरी एक आज्ञावली घ्यावी, जिच्यातील किल्लीला एका विशिष्ट खुणेपाशी 'छिद्र' पाडलेले आहे. त्या एका खुणेचा मुखवटा त्या किल्लीने काढताच येत नाही. ती खूण २५६ बिटांतून यादृच्छिक निवडलेली असेल, तर ती १२८ बिटांच्या कोणत्याही बीजापासून तयार होण्याची शक्यता नगण्य असते. त्यामुळे छिद्र कधीच वाटेत येत नाही आणि दोन्ही आज्ञावली प्रत्येक इनपुटवर सारखेच काम करतात. अविभेद्यतेची अट येथे लागू होते: आपल्या हाती अखंड किल्लीची आज्ञावली आहे की छिद्र असलेल्या किल्लीची, हे प्रतिपक्ष्याला कळत नाही. आणि छिद्र असलेल्या किल्लीने त्या खुणेचा संदेश उलगडता येत नसेल, तर अखंड किल्लीच्या दुर्बोध रूपातूनही तो उलगडत नाही.

या सिद्धतेत गुप्तता कोठून आली, हे नीट पाहिले पाहिजे. ती दुर्बोधीकरणाने एकट्याने दिलेली नाही. बीज फुगवणाऱ्या छद्मयादृच्छिक जनकाने आणि छिद्र सोसणाऱ्या किल्लीने ती आणली. दुर्बोधीकरणाने दोन अवस्थांमधील सांधा बुजवला. याच तंत्राने पुढे अनेक कूटशास्त्रीय साधने मिळाली आणि या संकल्पनेला 'कूटशास्त्राचा मुकुटमणी' असे म्हटले जाऊ लागले. विशेषण अनाठायी नाही, परंतु मुकुटाशिवाय मणी हा नुसताच खडा राहतो, हे पी आणि एनपी यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

५. रचनांचा प्रवास आणि गृहीतकांची कसोटी

२०१३ मध्ये संजम गर्ग, क्रेग जेंट्री, शाई हालेवी, मरियाना रायकोव्हा, अमित सहाय आणि ब्रेंट वॉटर्स यांनी सर्वसाधारण आज्ञावलींसाठी अविभेद्य दुर्बोधीकरणाची पहिली संभाव्य रचना मांडली. तिचा पाया होता त्याच वर्षी पुढे आलेली 'बहुरेषीय प्रतिचित्रणे'. कूटबद्ध मूल्यांवर ठरावीक पातळीपर्यंत बेरीज-गुणाकार करता यावा आणि शेवटी उत्तर शून्य आहे की नाही एवढेच कळावे, अशी ही सोय होती. हा पाया लवकरच हादरला. २०१५ मध्ये पूर्णांकांवर आधारलेल्या प्रतिचित्रणांवर आणि २०१६ मध्ये जालकांवर आधारलेल्या प्रतिचित्रणांवर यशस्वी हल्ले प्रसिद्ध झाले. एरिक माइल्स, अमित सहाय आणि मार्क झँड्री यांनी २०१६ मध्ये दुर्बोधीकरणाच्या काही रचनांवरच थेट हल्ला दाखवला. पहिल्या रचनेच्या कर्त्यांपैकी एक जण हल्लेखोरांतही असावा, ही या ज्ञानशाखेच्या निरोगीपणाची खूण मानली पाहिजे.

या काळात 'सुरक्षित' या शब्दाला कोणता अर्थ होता? रचना सुरक्षित आहे, कारण ती अद्याप कोणी भेदलेली नाही, एवढाच. आणखी एक अडचण अशी की 'ही रचना अविभेद्य दुर्बोधीकरण आहे' हे विधान स्वतःच गृहीत धरले, तर ते खोटे ठरवण्याची सोपी कसोटीही नसते. आक्षेप घेणाऱ्याला दोन आज्ञावली प्रत्येक इनपुटवर समान आहेत हे दाखवावे लागते, आणि सर्वसाधारणपणे ते तपासणे अतिशय कठीण मानले जाते. मोनी नाओर यांनी २००३ मध्ये गृहीतके खंडनक्षम असावीत असा आग्रह धरला होता. त्या कसोटीवर हे गृहीतक उतरत नव्हते.

म्हणूनच आयुष जैन, हुइजिया लिन आणि अमित सहाय यांचे २०२० मधील काम निर्णायक ठरते. त्याआधीच्या काही वर्षांत लिन आणि अन्य संशोधकांनी आवश्यक बहुरेषीयतेची पातळी क्रमाक्रमाने खाली आणली होती. ती दोनपर्यंत, म्हणजे वीस वर्षे वापरात असलेल्या द्विरेषीय प्रतिचित्रणांपर्यंत, आणण्यात या तिघांना यश आले. त्यांची रचना चार गृहीतकांवर उभी होती: द्विरेषीय गटांतील एक परिचित समस्या, त्रुटीयुक्त रेषीय समीकरणांच्या दोन समस्या आणि अत्यंत साध्या सर्किटांनी चालणारा छद्मयादृच्छिक जनक. २०२२ मध्ये त्यांनीच यांपैकी एक गृहीतक गाळून तिनांवर काम भागवले. येथे प्रथमच दुर्बोधीकरणाची सुरक्षितता स्वतंत्रपणे अभ्यासल्या गेलेल्या, खंडनक्षम गृहीतकांशी जोडली गेली.

तरीही दोन मर्यादा नोंदवणे भाग आहे. पहिली, ही गृहीतके नेहमीपेक्षा तीव्र रूपात, म्हणजे उपघातांकी वेळ खर्चणाऱ्या प्रतिपक्ष्याविरुद्धही, खरी मानावी लागतात. दुसरी, द्विरेषीय गटांचे गृहीतक पीटर शोर यांच्या १९९४ च्या क्वांटम अल्गोरिदमपुढे टिकत नाही. अमेरिकेच्या प्रमाणन संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमोत्तर कूटपद्धतींची पहिली मानके जाहीर केली. म्हणजे व्यवहार ज्या पायापासून दूर जाऊ लागला आहे, त्यावरच ही रचना अंशतः उभी आहे. केवळ जालकांवर आधारलेल्या पर्यायांसाठी नवी गृहीतके मांडली गेली, परंतु त्यांपैकी काहींना प्रतिउदाहरणेही मिळाली आहेत.

६. 'शक्य' या शब्दाचे मोल

सैद्धान्तिक संगणनशास्त्रात बहुपदी वेळात होणारी गोष्ट 'कार्यक्षम' समजली जाते. ही संज्ञा वर्गीकरणासाठी उपयुक्त आहे, परंतु बहुपदीचा घात किती आणि गुणक किती मोठे, याविषयी ती मौन बाळगते. दुर्बोधीकरणात हे मौन महागात पडते. २०१४ मध्ये आरंभीच्या रचनांचा प्रत्यक्ष प्रयोग झाला, तेव्हा काही बिटांच्या इनपुटवर काम करणाऱ्या अगदी छोट्या फलनासाठीही कित्येक तास आणि कित्येक गिगाबाइट लागले. पुढे त्यात सुधारणा झाली. परंतु रोजच्या वापरातील एखादी आज्ञावली या पद्धतीने दुर्बोध करून चालवणे आजही आवाक्यात नाही.

यावरून सिद्धान्ताला दोष देणे योग्य होणार नाही. सार्वजनिक किल्लीची कल्पनाही प्रथम सिद्धान्तातच जन्मली. दोष आहे तो शब्दांच्या सरमिसळीचा. बाजारात विकल्या जाणाऱ्या दुर्बोधीकरणाच्या साधनांना सिद्धान्तातील प्रमेये लागू नाहीत, आणि सिद्धान्तातील रचना बाजारात नाहीत. नाव मात्र एकच आहे. त्यामुळे एका बाजूचे यश दुसऱ्या बाजूच्या खात्यावर जमा होण्याचा धोका कायम राहतो.

७. प्रतिपक्षी कोण?

आतापर्यंतचे विवेचन सिद्धान्ताच्या चौकटीत राहून केले आहे. शेवटचा प्रश्न त्या चौकटीविषयीच आहे. संदेशाच्या कूटशास्त्रात प्रतिपक्षी हा आगंतुक असतो. दुर्बोधीकरणात प्रतिपक्षी म्हणजे आज्ञावली हाती असलेला माणूस, आणि व्यवहारात तो बहुधा ग्राहक, रुग्ण, विद्यार्थी किंवा नागरिक असतो. आपल्या यंत्रावर चालणारी आज्ञावली काय करते हे जाणून घेण्याची त्याची इच्छा व्याख्येच्या भाषेत 'हल्ला' ठरते.

कायद्याची भाषा येथे वेगळी आहे. युरोपीय समुदायाच्या १९९१ च्या निर्देशाने परस्परसुसंगती साधण्यासाठी काही अटींवर आज्ञावलीची उकल करण्यास मुभा दिली. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अशाच तरतुदी आल्या. आज्ञावलीमागील कल्पना आणि तत्त्वे समजून घेण्यासाठी तिच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करणे हा हक्कभंग नव्हे, असे त्यात मान्य केले आहे. दुर्बोधीकरण उद्या खरोखरच व्यवहार्य झाले, तर निरीक्षणाची मुभा उरेल, पण उकल करून अभ्यास करण्याची मुभा कागदावर राहील आणि तो अभ्यास गणिताने अशक्य केलेला असेल. घातक आज्ञावली शोधणाऱ्यांचीही हीच अडचण होईल, कारण रूपांतर करणारी पद्धत मूळ आज्ञावलीच्या हेतूची चौकशी करत नाही.

सिद्धान्तात दुर्बोध रूप मूळ आज्ञावलीप्रमाणेच काम करेल अशी अट असते; परंतु ही हमी आज्ञावली बनवणाऱ्याला मिळते. ज्याने मूळ आज्ञावली पाहिलीच नाही, त्याला ती हमी निरर्थक आहे. यावर उत्तर नाही असे नाही. शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या शून्यज्ञान सिद्धतांच्या साहाय्याने, अंतरंग न उघडता आज्ञावलीविषयी एखादी गोष्ट पटवून देता येते, आणि दुर्बोध रूपाची पडताळणी करता यावी या दिशेने २०१६ पासून काही काम झाले आहे. परंतु अशी पडताळणी मूळ व्याख्येचा भाग नाही. ती वरून जोडावी लागते. आपण काय पटवून द्यायचे, हे बनवणाराच ठरवणार असेल, तर वापरकर्त्याचा प्रश्न विचारलाच जात नाही.

यावर असे म्हणता येईल की मूळ आज्ञावली उघड असली तरी विश्वासाचा प्रश्न सुटत नाही. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात दाखवले होते की कंपायलरमध्येच लबाडी असेल तर निर्दोष मजकूर वाचूनही फसगत होते. हे मान्य केले तरी वाचण्याचा मार्ग अपुरा असणे आणि तो बंद असणे यांत अंतर आहे. अपुऱ्या मार्गात सुधारणा करता येते. बंद मार्गाबाबत दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, २००१ च्या प्रमेयाने दुर्बोधीकरण संपवले नाही. 'सर्व काही, सर्वांसाठी लपवणे' हा दावा संपवला. दुसरा, अविभेद्य दुर्बोधीकरण मूळ अपेक्षेची पूर्ती करत नाही; ते एक वेगळे आणि अन्य साधनांच्या सोबतीनेच फलदायी ठरणारे साधन आहे. अमुक गोष्ट लपेल, असे आश्वासन ते एकट्याने देत नाही. तिसरा, २०२० च्या रचनेने या साधनाला तपासता येण्याजोगा पाया दिला, परंतु तो क्वांटम संगणकापुढे टिकणारा नाही आणि व्यवहार्यतेपासून दूर आहे. चौथा, या सिद्धान्ताच्या व्याख्यांत बनवणाऱ्याचे हित बारकाईने मांडलेले आहे; वापरकर्त्याचे हित मात्र वरून जोडलेल्या पुरवणीत आहे.

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा विषय शिकवताना प्रमेये आणि रचना यांच्याबरोबर व्याख्येची चिकित्साही शिकवली जावी. 'ही आज्ञावली सुरक्षित आहे' असे वाक्य कानी पडले की कोणासाठी, कोणापासून आणि कोणत्या गृहीतकावर, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर त्याचा उपयोग कूटशास्त्रापुरता राहणार नाही. वाणिज्य शाखेतील लेखापरीक्षण, विधी शाखेतील पुराव्याचा कायदा आणि सामाजिक शास्त्रांतील धोरणविचार या सर्वांचा संबंध आता न वाचता येणाऱ्या आज्ञावलींशी येऊ लागला आहे, आणि तेथेही हेच तीन प्रश्न प्रथम विचारावे लागणार आहेत.